ईएमजी डीजी-२०: आवाज चोख, अडचण बॅटरीच्या जागेची

पिंक फ्लॉइड या रॉक बँडचे गिटारवादक डेव्हिड गिल्मर यांच्या लाल स्ट्रॅटोकास्टर या इलेक्ट्रिक गिटारमधील मांडणीवर बेतलेला ईएमजी कंपनीचा डीजी-२० हा पिकअपचा (तारांची कंपने विद्युत संकेतात बदलणाऱ्या भागांचा) संच पिकगार्डवर, म्हणजे गिटारच्या दर्शनी पट्टीवर, पूर्ण जोडूनच मिळतो. बॅटरीवर चालणारे तीन एसए पिकअप, व्हॉल्यूमचा नॉब आणि टोनच्या दोन नॉबांच्या जागी एसपीसी व ईएक्सजी ही आवाज घडवणारी दोन छोटी सर्किटे त्यावर बसवलेली असल्यामुळे जॅक आणि बॅटरी जोडली की काम झाले, असे वाटते. प्रत्यक्षात सगळे अवलंबून राहते ते गिटारच्या लाकडात किती जागा कोरलेली आहे यावर.

नऊ व्होल्टची बॅटरी साधारण ४८.५ × २६.५ × १७.५ मिलिमीटरची असते. हंबकर या दोन कॉइलच्या रुंद पिकअपसाठी ऐसपैस कोरलेल्या बॉडीत ती पिकगार्डखाली सहज मावते. माझी गिटार मात्र जुन्या धाटणीची, एकाच कॉइलच्या (सिंगल कॉइल) तीन अरुंद पिकअपपुरतीच कोरलेली आहे. मागे ट्रेमोलोच्या (स्वर हलवणाऱ्या दांडीच्या) स्प्रिंगांशेजारी बॅटरी ठेवून पाहिली, तर झाकण बसेना. अखेर नॉबखालच्या पॉटच्या कडेला, पातळ फोममध्ये गुंडाळून ती आडवी बसली. हा फोम केवळ खडखड थांबवण्यासाठी नाही, कारण बॅटरीचे धातूचे आवरण एखाद्या उघड्या टोकाला टेकले तर शॉर्ट होऊ शकते. पिकगार्डचे अकरा स्क्रू आवळण्यापूर्वी जास्तीच्या वायरी नीट दुमडून घ्याव्यात. पिकगार्ड दाबून बसवावे लागत असेल, तर खाली काहीतरी चेपले जात आहे असे समजावे.

स्टिरिओ जॅकमुळे केबल लावल्यावरच बॅटरी सुरू होते, म्हणून वाजवून झाल्यावर केबल काढणे आवश्यक आहे. तारांना जोडलेली अर्थची वायर या पिकअपना लागत नाही, ती काढून टाकायची असते. अर्थिंगचा भरवसा नसलेल्या आपल्याकडच्या सभागृहांत ही मोठीच सोय आहे.

आवाजाबाबत तक्रारीला जागा नाही. गुणगुण जवळजवळ नाहीशी होते, एसपीसीने मधले स्वर भरदार होतात आणि ईएक्सजीने खर्ज व तार स्वर दोन्ही उठतात. मात्र जुन्या सिंगल कॉइलचा किंचित ओबडधोबडपणा ज्यांना प्रिय आहे, त्यांना हा आवाज जरा जास्तच घोटीव वाटेल.

बॅटरी बदलायची म्हणजे दरवेळी तारा सैल करून पिकगार्ड उचलणे आले. मागच्या बाजूला बॅटरीचा वेगळा कप्पा कोरून घेता येतो, पण जुन्या, किमती बॉडीला मी रंधा लावणार नाही. त्यापेक्षा तारा बदलतानाच नवी अल्कलाइन बॅटरी घालावी.