350 रुपयाचा फायबर टेप आन आमचं तिरपं वावर

परभणीला मोंढ्याकडं गेलतो तेव्हा एका हार्डवेअरमधून 30 मीटरचा फायबर टेप आणला, एका अंगाला मीटर दुसऱ्या अंगाला फूट, 350 रुपये. कारण काय तर रोटाव्हेटरवाल्यासोबतची दरवेळची कटकट, तो ट्रॅक्टरनं माती भुसभुशीत करायचे पैसे एकरावर घेतो. चारीच्या (पाण्याच्या पाटाच्या) कडंचं आमचं एक वावर आहे ते धड चौकोनी नाही, चारीकडची बाजू लांब, वरच्या धुऱ्याची आखूड, ह्या दोन समांतर, एक बांध सरळ आणि ओढ्याकडचा तिरपा. गावात हिशोब एकच, समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची आन गुणून टाकायचं. तसं केलं की 39 गुंठे भरतात, मग तो म्हणतो धरा की एकर, एका गुंठ्यानं काय होतंय.

आधी मोबाईलवरचं अ‍ॅप बघितलं, फोन हातात धरून बांधाबांधानं चाललो. पहिल्यांदा 35 गुंठे, दुसऱ्यांदा 38. दहा एकराच्या रानाला जीपीएस दोन-चार मीटर हुकलं तर चालून जातं हो, एकराच्या आतल्या तुकड्याला नाही.

टेपनं चारीची बाजू 270 फूट आली, धुऱ्याची 174, सरळ बांध 180, तिरपा 204. आन इथंच मी फसलो. 270 अधिक 174 म्हणजे 444, निम्मे 222, त्याला ओढ्याकडच्या 204 नं गुणलं तर साडेएक्केचाळीस गुंठे, म्हणजे रोटावाल्यापेक्षा माझंच जास्त! पुतणी आठवीला आहे, ती म्हणली काका समलंब चौकोन आहे हा, उंची म्हणजे दोन समांतर बाजूंमधलं सरळ अंतर, तिरपी बाजू कामून धरता. मग 222 गुणिले 180, 39960 चौरस फूट, भागिले 1089 (एका गुंठ्याचे चौरस फूट), झाले 36.7 गुंठे. सरळ बांध खरंच काटकोनात आहे का ते पण तपासलं, गवंडी गुण्या धरतात तसं कोपऱ्यापासून एका बाजूला 30 फूट, दुसऱ्या बाजूला 40, मधलं तिरकं अंतर बरोबर 50 आलं. तुमच्याकडं दोन्ही बांध तिरपे असले तर मधूनच कुठूनतरी असा काटकोन काढून उंची मोजा.

आमच्याकडं रोटाव्हेटरचा भाव एकरी 1400, म्हणजे गुंठ्याला 35. त्याचा एकर सोडा, गावच्या हिशोबाचे 39 धरायचे तिथं 36.7 धरले तरी एका वेळंला 80-85 रुपये वाचतात. चार-पाच वेळंत टेप फुकटात पडला.

कंपाउंडला मात्र तिरप्याचे 204 सोडायचे नाहीत, तिथं उंचीचं काही काम नाही, चारी बाजूंची सरळ बेरीज, 828 फूट. चार पदरी काटेरी तार म्हणलं तर 3312 फूट लागते आन दहा फुटाला एक पोल धरला तर 83 पोल. गेट आन कोपऱ्याचे टेके अजून वेगळे.

आता टेपचं वाईट. शून्य कुठून सुरू होतं ते घेतानाच बघा, माझ्यात कडीच्या टोकापासून आहे, शेजाऱ्याच्यात पट्टीवर आत रेघ आहे, दोघांनी मिळून मोजताना चांगलाच घोळ झाला. वारं असलं की पट्टी झोळ खाते, ओढून धरायला एक माणूस लागतोच, आन लई जोरात ओढली तर फायबर ताणतं. पाऊस पडून गेल्यावर तर वावरात नेऊच नका, काळी माती पट्टीसोबत डबीत जाती आन हँडल फिरतच नाही, मी एकदा सगळी पट्टी बाहेर काढून हौदावर धुतली. पहिल्या दोन-तीन फुटाचे आकडे आताच पुसट झालेत. दुकानदाराला विचारलं तर म्हणला स्टीलचा घ्या, तो गंजतो ते नाही सांगितलं.

पाचपैकी साडेतीन. हँडल लोखंडी असतं तर चार दिले असते.