नाथसागराच्या काठावरचं ‘सोनं शोधणारं’ मशीन

आमच्या पैठण भागात सोनं शोधणारं मशीन विकणारी माणसं फिरतायत. उन्हाळ्यात नाथसागराचं, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाचं पाणी ओसरलं, गाळाची जमीन अन् वाळू उघडी पडली की त्यांचा सीझन सुरू होतो. आमच्या घरातून त्यांनी 1 लाख 40 हजार रुपये नेले. कसे नेले ते सविस्तर लिहितो, कारण ज्यांना ही माणसं गाठतात ते सहसा तोंड उघडत नाहीत.

जायकवाडी धरण 1976 साली पूर्ण झालं, त्यात आमचं जुनं गाव गेलं. घाईत निघताना काहीतरी जमिनीतच राहिलं, ही गोष्ट बुडितातल्या कितीतरी घरांत ऐकायला मिळते. आमच्या आजीचा गडवा न्हाणीजवळ पुरलेला होता, त्यात तिच्या सोन्याच्या पुतळ्या होत्या. चुलतभाऊ हे ऐकतच मोठा झाला. पाणी फार खाली गेलं की जुन्या घरांच्या जोत्यांचे दगड दिसतात, तिथं फिरवायला त्याला मेटल डिटेक्टर हवा होता. मोबाइलवर व्हिडिओ पाहून त्यानं फोन लावला, तर त्या माणसाचा पहिलाच प्रश्न, “दादा, तुमचं गाव बुडितातलं का?”

तो अन् त्याचा साथीदार असे दोघं गाडी घेऊन थेट काठावर आले. काळी सूटकेस, आत फोममध्ये बसवलेलं यंत्र. हातात धरायची मूठ, पुढं अँटेनाच्या दोन दांड्या, छोटा स्क्रीन. स्क्रीनवर सोनं, चांदी, हिरा, पाणी असं निवडायचं. मशीन जर्मनीचं, पल्ला एक किलोमीटर, खोली 50 मीटर, असं ते सांगत होते. भावाची अंगठी त्याच्याचकडून वाळूवर ठेवून घेतली. दांड्या हळूहळू वळल्या अन् अंगठीवर येऊन थांबल्या. मग तो माणूस चालत चालत काठालगत गेला, दांड्या पुन्हा वळल्या. “इथं खणा.” वीतभर खाली नाणं निघालं. पिवळं, एका बाजूला हत्ती. “सातवाहनांचं सोन्याचं नाणं. पैठण त्यांचीच राजधानी ना?”

तिथली एक गोष्ट मला अजून स्वच्छ दिसते. आजूबाजूची वाळू वाळून पांढरट झाली होती, खणायला सांगितलेल्या हातभर जागेत मात्र ती ओलसर, काळपट. म्हणजे खालची वाळू आधीच कुणीतरी वर काढून परत लोटलेली. तुम्हाला कुणी असं काही काढून दाखवलं तर नाण्याकडे बघू नका, आधी त्या मातीकडे बघा.

नाणं त्यांनी भावाच्याच हातावर ठेवलं अन् बयाणा घेतला. बाकीची रक्कम यूपीआयनं, एका वेगळ्याच नावाच्या खात्यावर. मशीन मिळालं, पण ‘सोन्याचं सेन्सर कार्ड’ वेगळं, त्याचे पैसे वेगळे. मग ‘परवान्याची फी’. ती द्यायला भाऊ नाही म्हणाला तेव्हा आवाज बदलला. “गुप्तधन शोधता, सरकारी जागेत खणता. नाणं तुमच्याकडं आहे. पोलिसांत कळवू का?” त्यानंतर फोन बंद.

त्यांचा सगळा धंदा या धमकीवर चालतो. आधी तुम्हाला गुन्ह्यात सामील असल्यासारखं वाटायला लावायचं, मग तुम्ही आपोआप गप्प. 1878 च्या ट्रेझर ट्रोव्ह (गुप्तधन) कायद्यानुसार जमिनीत दडलेली 10 रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं, हे खरं आहे. पण आम्हाला काही सापडलंच नव्हतं. सोनारानं ते नाणं कसोटीवर घासलं तर निव्वळ पितळ. सातवाहनांची नाणी मुख्यतः शिसं, तांबं अन् पोटिन या मिश्रधातूची, थोडी चांदीची. हत्तीचं चित्र तेवढं बरोबर उचललं होतं.

मशीन संभाजीनगरच्या एका मेकॅनिककडं नेलं. त्यानं आमच्यासमोर स्क्रू काढले. आत 9 व्होल्टची बॅटरी, एक बझर, स्क्रीनवर ठरलेली चित्रं फिरवणारी सर्किटची छोटी पाटी, अन् वजन यावं म्हणून चिकटवलेली लोखंडी पट्टी. अँटेनाच्या दांड्यांना एकही वायर जोडलेली नव्हती. त्या नुसत्या बेअरिंगवर बसवलेल्या. मनगट केसभर कललं की वळणार, अन् वस्तू कुठं आहे हे माहीत असलं की मनगट तिकडंच कलतं. असल्याच पोकळ दांड्या जेम्स मॅककॉर्मिक नावाच्या इंग्रजानं ‘एडीई 651’ म्हणून बॉम्बशोधक यंत्राच्या नावाखाली इराकला विकल्या होत्या. 2013 मध्ये त्याला 10 वर्षांची शिक्षा झाली. तिथं त्या यंत्रावर विसंबून माणसं मेली.

खरा मेटल डिटेक्टर निराळा. त्याला खाली तारेची गोल कॉइल असते, ती जमिनीलगत फिरवावी लागते. कॉइलच्या चुंबकीय क्षेत्रामुळं धातूत प्रवाह तयार होतो, तो यंत्राला कळतो. साध्या यंत्राला नाण्याएवढी वस्तू वीत-दीड वीत खोलवर लागते, किलोमीटरवरून काहीच लागत नाही. सोनं कुठलं अन् अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा कुठला, हेही ते खात्रीनं सांगू शकत नाही. त्यात आपला खडक बेसाल्ट. गोदावरीच्या वाळूत लोहचुंबकाला चिकटणारे काळे कण असतात, त्यानं यंत्र उगाच वाजत राहतं. एवढ्या अडचणी विकणारा सांगत नसेल तर तिथंच उठा.

अन् परीक्षा घ्यायचीच तर पाच भांडी पालथी घाला. विकणाऱ्याला गाडीमागं उभं करा, अंगठी एका भांड्याखाली ठेवा, ठेवणाऱ्यालाही तिथून बाजूला पाठवा. मग दांड्या कुठं वळतात बघा. आम्ही घरी हे करून पाहिलं, दांड्या धरणाऱ्याच्या मनात जे भांडं होतं तिकडंच त्या गेल्या.

पोलीस ठाण्यात भावाला कुणी चोर म्हटलं नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली, म्हणजे फसवणुकीची तक्रार लिहून घेतली. पैसे गेले त्याच दिवशी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला असता तर ते खात्यातच गोठवता येण्याची शक्यता जास्त होती, असं तिथल्या हवालदारांनी सांगितलं.

त्या माणसाचा व्हिडिओ आता नव्या नंबरनं फिरतोय, सूटकेस तीच. गंगापूर, अंबड, गेवराई भागात कुणी बयाणा दिला असेल तर यूपीआयची पावती, चॅट अन् मशीन तिन्ही जपून ठेवा, मशीन फेकू नका, अन् आजच तक्रार द्या.