स्वाहिलीचा मोबाइल अभ्यासक्रम : व्याकरण भक्कम, नकाशा अपुरा

पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली भाषा शिकवणारी जी मोबाइल अ‍ॅप इंग्रजी माध्यमात उपलब्ध आहेत, त्यांपैकी एकाचा सशुल्क अभ्यासक्रम मी अलीकडेच पूर्ण केला. ही भाषा शिकू इच्छिणाऱ्या मराठी वाचकांना उपयोग व्हावा म्हणून त्याचे हे परीक्षण लिहीत आहे. अभ्यासक्रम व्याकरणाच्या बाजूने अतिशय काळजीपूर्वक रचलेला आहे. परंतु आपण कोणत्या प्रदेशातील स्वाहिली शिकवत आहोत हे तो शिकणाऱ्याला कोठेच स्पष्टपणे सांगत नाही, आणि इतक्या दूरवर पसरलेल्या भाषेच्या बाबतीत ही उणीव मला गंभीर वाटते.

प्रथम गुणांविषयी. स्वाहिली ही बांटू या आफ्रिकेतील भाषाकुळातील भाषा आहे आणि तिच्यातील नामे वर्गांत विभागलेली असतात. नामाचा वर्ग त्याच्या आरंभीच्या उपसर्गावरून कळतो आणि विशेषण, संख्यावाचक, क्रियापद या सर्वांना त्याच वर्गाचा उपसर्ग घ्यावा लागतो. ‘किसू किकाली किमेआंगूका’ म्हणजे धारदार सुरी पडली. सुऱ्या अनेक असतील तर ‘विसू विकाली विमेआंगूका’. अनेक अभ्यासक्रम या वर्गांचा एक मोठा तक्ता समोर ठेवून मोकळे होतात. येथे मात्र एकेक वर्ग पूर्ण वाक्यांतून, एकवचन आणि अनेकवचन यांच्या जोडीने येतो, आणि मागील वर्गाची उजळणी पुढच्या प्रत्येक पाठात होत राहते. नामाप्रमाणे विशेषण बदलण्याची मराठी माणसाला सवय असतेच. फक्त हा बदल शब्दाच्या शेवटी न होता आरंभी होतो आणि त्याचा स्त्रीलिंग-पुल्लिंगाशी काही संबंध नसतो, एवढे मनात ठसले की पुढची वाट बरीच सुकर होते.

क्रियापदांचे पाठ तर मला सर्वांत आवडले. ‘निनासोमा’ म्हणजे मी वाचतो आहे, ‘निलिसोमा’ म्हणजे मी वाचले, ‘नितासोमा’ म्हणजे मी वाचीन. कर्ता, काळ आणि धातू एकाच शब्दात ओळीने बसतात, आणि अ‍ॅपमध्ये हे घटक वेगवेगळ्या रंगांत दाखवल्यामुळे रचना नजरेत भरते. पुढे ‘पिका’ म्हणजे शिजवणे आणि ‘पिकिया’ म्हणजे कोणासाठी तरी शिजवणे, अशी साधित रूपे येतात, तीही योग्य क्रमाने. ध्वनिमुद्रण स्वच्छ आहे. शब्दाच्या शेवटून दुसऱ्या अक्षरावरील (उपांत्य अवयवावरील) आघात प्रत्येक शब्दात स्पष्ट ऐकू येतो, आणि शब्दारंभी येणारा ‘ङ’ मुद्दाम सावकाश उच्चारून दाखवला आहे, हे आपल्यासाठी विशेष उपयोगाचे आहे, कारण तो वर्ण आपल्या वर्णमालेत असूनही आपण त्याने शब्द सुरू करत नाही.

आता उणिवांकडे वळतो. अ‍ॅप उघडताच केनिया आणि टांझानिया हे दोनच देश रंगवलेला नकाशा दिसतो आणि ‘स्वाहिली येथे बोलली जाते’ असे सांगितले जाते. विधान खोटे नाही, पण ते फार अपुरे आहे. कांगो लोकशाही प्रजासत्ताकात स्वाहिली ही चार राष्ट्रीय भाषांपैकी एक असून गोमा, बुकावू, लुबुम्बाशी या पूर्वेकडील व दक्षिणेकडील शहरांत ती रोजच्या व्यवहाराची भाषा आहे. रवांडाने २०१७ मध्ये तिला अधिकृत भाषेचा दर्जा दिला. युगांडाच्या मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये शाळांतून ती सक्तीने शिकवण्यास मान्यता दिली. त्या देशात ती दीर्घकाळ सैन्याची आणि पोलिसांची भाषा मानली गेल्यामुळे अनेकांच्या मनात तिच्याविषयी दुरावा आहे, हे शिकणाऱ्याला ठाऊक असणे आवश्यक आहे. ओमानमध्येही टांझानियातील झांझिबार बेटांशी नाते असलेल्या कुटुंबांत स्वाहिली बोलली जाते. युनेस्कोच्या मते ही भाषा बोलणाऱ्यांची संख्या २० कोटींहून अधिक आहे, आणि त्यांतील बहुसंख्यांची ती मातृभाषा नसून दुसरी किंवा तिसरी भाषा आहे. म्हणूनच प्रदेशागणिक तिचे रूप बदलते.

अ‍ॅपमध्ये शिकवलेली भाषा म्हणजे प्रमाण स्वाहिली. १९२८ च्या मोंबासा परिषदेत झांझिबार शहराची बोली प्रमाण रूपाचा आधार म्हणून निवडली गेली आणि १९३० मध्ये स्थापन झालेल्या भाषा समितीने त्या रूपाचे शब्दलेखन व पाठ्यपुस्तके घडवली. केनियाच्या किनाऱ्यावरील मोंबासा आणि लामू येथील बोलींना काव्याची जुनी व समृद्ध परंपरा होती, तरीही निवड झांझिबारची झाली. स्वातंत्र्यानंतर पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांच्या टांझानियाने हेच रूप शासनाचे आणि प्राथमिक शिक्षणाचे माध्यम केले, त्यामुळे तेथे ते खोलवर रुजले. हा इतिहास अभ्यासक्रमाच्या आरंभी एका पानात सांगता आला असता, आणि मग शिकणाऱ्याने नैरोबीच्या रस्त्यावर तरुणांची इंग्रजीमिश्रित ‘शेंग’ ऐकली किंवा लुबुम्बाशीत मुलांना ‘वातोतो’ऐवजी ‘बातोतो’ म्हटलेले ऐकले, तर त्याला ती चूक वाटली नसती. अ‍ॅपमध्ये याविषयी एक ओळही नाही. एवढ्या गुणी व्याकरण-मांडणीशेजारी ही रिकामी जागा पाहून मला मनापासून वाईट वाटले.

अभिवादनांचा पाठही याच दृष्टीमुळे उथळ झाला आहे. तो ‘जांबो’ने सुरू होतो, जे मुख्यतः पर्यटकांशी बोलताना वापरले जाते. वडीलधाऱ्यांना करायचे ‘शिकामो’ हे अभिवादन आणि त्यावरचे ‘माराहाबा’ हे उत्तर फार उशिरा, तेही केवळ शब्दसूचीत येते. किनाऱ्यावरील समाजात वयाचा मान राखणे हा बोलण्याचा पाया आहे. तेथे हा शब्द पहिल्या पाठातच हवा.

वेळेच्या पाठाबाबत मात्र मी अधिक कठोर आहे. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. विषुववृत्ताजवळ सूर्य वर्षभर साधारण सहाच्या सुमारास उगवतो, म्हणून सकाळच्या सात वाजता ‘सा मोजा’, म्हणजे पहिला तास, असे म्हणतात. अ‍ॅपमधील सरावात घड्याळ आपल्या पद्धतीचे दिसते आणि खुलासा एका बारीक टिपेत दिला आहे. ही टीप नजरेतून सुटली तर बसची वेळ सहा तासांनी चुकू शकते.

झांझिबार, दार-ए-सलाम किंवा मोंबासा येथे जाणाऱ्यांनी आणि पुढे विद्यापीठात या भाषेचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यांनी हा अभ्यासक्रम निःशंकपणे घ्यावा. विनामूल्य भाग वर्तमानकाळापाशी संपतो आणि साधित क्रियापदे सशुल्क भागात आहेत, म्हणून व्याकरण शिकायचे असेल तर शुल्क भरण्यावाचून पर्याय नाही, आणि माझ्या मते त्याचे मोल मिळते. ज्यांचे काम पूर्व कांगोत आहे त्यांनी मात्र यावर पैसे खर्च करण्यापूर्वी तेथील बोली शिकवणारा शिक्षक शोधावा. याच्या जोरावर त्यांना पाटी वाचता येईल, पण बाजारातील संभाषणाचा मोठा भाग निसटून जाईल.