घरचा प्रोजेक्टर, बऱ्याच महिन्यांनंतर: कुठल्या सिनेमाला मोठं चित्र मानवतं?

घरी प्रोजेक्टर आला तेव्हापासून टीव्ही जवळजवळ बंदच आहे. दिवे मालवले की भिंतीवर साधारण शंभर इंचांचं चित्र उभं राहतं, आणि मी आठवड्यातल्या बहुतेक रात्री त्याच्यासमोर असते. यंत्राचे आकडे कुठेही वाचायला मिळतात. मला लिहायचंय ते वेगवेगळ्या प्रकारचे सिनेमे त्यावर कसे दिसतात याबद्दल, कारण माझं एक मत आता पक्कं झालंय: मोठ्या चित्राचा सगळ्यात जास्त फायदा होतो तो चेहऱ्यांच्या सिनेमांना, आणि त्याखालोखाल विनोदी सिनेमांना. हाणामारी तिसऱ्या नंबरवर.

सिडनी ल्युमेटचा 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' (१९५७) घ्या. बारा माणसं, एक खोली, बाकी काही नाही. सुरुवातीला कॅमेरा नजरेच्या वर असतो आणि लेन्स वाइड. मग हळूहळू कॅमेरा खाली उतरतो, लेन्स लांब पल्ल्याच्या होत जातात, भिंती माणसांना चिकटतात आणि शेवटी शेवटी छतही दिसू लागतं. हे सगळं मी आधी वाचलं होतं आणि लॅपटॉपवर पाहतानाही ओळखलं होतं. पण भिंतभर चित्रात तो कोंडमारा अंगावर येतो. समोरच्याचं बोलणं ऐकताना एखाद्याचा जबडा किंचित आवळतो, तेवढंही सुटत नाही. कौटुंबिक, कोर्टातल्या, दोन माणसांच्या बोलण्यावर उभ्या असलेल्या सिनेमांना लोक 'फोनवर पाहिला तरी चालेल' म्हणतात, त्याला माझा साफ विरोध आहे. नट डोळ्यांनी काम करत असेल तर ते डोळे दिसायला नकोत?

विनोदाचं म्हणाल तर जाक तातीचा 'प्लेटाइम' (१९६७) छोट्या पडद्यावर पाहूच नये. तो ७० मिलिमीटरच्या रुंद फिल्मवर चित्रित झालाय आणि त्यात जवळून घेतलेले चेहरे जवळजवळ नाहीतच. एकाच लांबच्या दृश्यात तीन-चार कोपऱ्यांत काही ना काही घडत असतं आणि कुठे पाहायचं ते आपण ठरवायचं. पहिल्यांदा पाहताना डावीकडचा वेटर दिसतो, पुढच्या खेपेला मागच्या टेबलावरचा गोंधळ. छोट्या चित्रात ही माणसं मुंग्यांएवढी होतात आणि विनोद मरतो.

अ‍ॅक्शन सिनेमे इथे छान दिसतात, त्यात शंका नाही. पण चांगला अ‍ॅक्शन दिग्दर्शक लहान पडद्यावरही तुम्हाला सांभाळून घेतो. 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड'मध्ये (२०१५) जॉर्ज मिलरने महत्त्वाची गोष्ट सतत चौकटीच्या मध्यावर ठेवली आहे, त्यामुळे शॉट कितीही झरझर बदलले तरी नजर भरकटत नाही. हे ज्यांना जमत नाही त्यांचे सिनेमे शंभर इंचांवर नुसते डोकं दुखवतात. अशा दोन-तीन सिनेमांना मी मध्येच रामराम ठोकला.

भयपटांच्या बाबतीत मात्र हे यंत्र कमी पडतं. काळा रंग प्रोजेक्टरला फेकता येत नाही. काळं म्हणजे जिथे उजेड पडला नाही ती भिंत. त्यातही थोडा उजेड गळतोच, शिवाय पांढऱ्या छतावरून आणि बाजूच्या भिंतींवरून परतणारा प्रकाश चित्रावर पुन्हा सांडतो. मग ज्या अंधारात काहीतरी दबा धरून बसलंय असं वाटायला हवं, तो अंधार राखाडी दिसतो आणि भीती निम्मी होते. पडद्यालगतच्या छताला गडद कापड लावल्यावर फरक पडला, चांगलाच पडला. तरीही भयपट हाच तुमचा आवडता प्रकार असेल तर मी चांगल्या ओलेड टीव्हीचीच (ज्यात काळा भाग खरोखरच विझलेला असतो) शिफारस करेन.

सेटिंगमधली एक गोष्ट पहिल्याच दिवशी बंद करा: हालचाल गुळगुळीत करणारा पर्याय. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेम्सचा असतो. हा पर्याय मधल्या फ्रेम्स स्वतः बनवून घुसवतो आणि भव्य सिनेमाही मालिकेसारखा दिसू लागतो. अ‍ॅनिमेशनची तर वाटच लागते. 'स्पायडर-मॅन: इन्टू द स्पायडर-व्हर्स'मध्ये (२०१८) नवखा स्पायडर-मॅन माइल्स काही प्रसंगांत एकेक पोझ दोन फ्रेम्स धरून हलतो, तर मुरलेला पीटर प्रत्येक फ्रेमला. त्याचं अडखळणं असं चित्रातच विणलंय. यंत्राने ते इस्त्री करून टाकलं तर कलाकारांनी घेतलेले कष्ट वाया गेले ना!

यंत्र शक्यतो पडद्यासमोर सरळच ठेवा. तिरकं ठेवून कीस्टोन नावाच्या सेटिंगने चित्र चौकोनी करता येतं, पण तेव्हा यंत्रातल्या चित्र बनवणाऱ्या पॅनेलचा काही भाग वापराबाहेर जातो आणि बारीक तपशील पुसट होतात. सबटायटल्सच्या कडांवर हे लगेच कळतं.

आवाज ही या यंत्राची खरी उणीव. आतला स्पीकर कामचलाऊ आहे, आणि शांत प्रसंगात पंख्याची घरघर ऐकू येते. ब्लूटूथ स्पीकर जोडला तर माझ्याकडे आवाज ओठांच्या मागे पडत होता. संवादांच्या सिनेमात हे खटकतं, संगीतपटात असह्य होतं, कारण पाऊल जमिनीवर पडतं आणि ताल नंतर येतो. स्पीकर वायरने जोडल्यावर तो प्रश्न मिटला. तेव्हा पैसे जपून खर्च करायचे असतील तर यंत्र एक पायरी खालचं घ्या, पण स्पीकरमध्ये काटकसर करू नका.