लेगाटोची लायब्ररी: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

परभणीत मी व्हायोलिन शिकवतो. दर रविवारी सात-आठ विद्यार्थी एकत्र बसून वाजवतात, आणि त्यांच्यासाठी अभंगांच्या चाली चार भागांत लिहून छापणे व घरच्या सरावासाठी त्याचा ध्वनी प्रत्येकाच्या फोनवर पाठवणे, एवढ्यासाठीच मला नोटेशनचे सॉफ्टवेअर लागते. गेल्या वर्षी गणपती उठल्यावर एका परदेशी कंपनीची तंतुवाद्यांची सॅम्पल लायब्ररी, म्हणजे खऱ्या वाद्यांच्या ध्वनिमुद्रित स्वरांचा संच, मी विकत घेतली आणि तेव्हापासून ती डोरिको या नोटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये जवळजवळ रोज वापरतो आहे. हे लिहायला निमित्त झाले ते त्या कंपनीच्या सेवाविभागाच्या शेवटच्या ईमेलचे. त्याविषयी पुढे लिहितो. पत्रव्यवहार अजून मिटलेला नसल्यामुळे कंपनीचे नाव मात्र देत नाही.

आधी खर्चाचे. लायब्ररीला माझ्या सुमारे दोन महिन्यांच्या शिकवणीचे पैसे गेले, रॅम आठची सोळा जीबी करून घ्यावी लागली, आणि चाळीस जीबीहून मोठी फाईल मोबाईलच्या डेटावर उतरणे शक्य नसल्याने छत्रपती संभाजीनगरला मेहुण्यांकडे मुक्काम करून एका रात्रीत ती उतरवून आणली. एवढे करूनही पहिल्याच दिवशी भीमपलासातल्या एका चालीचे नववे माप (चार मात्रांचा एक गट) ऐकले आणि मन खट्टू झाले. तिथे पहिल्या व्हायोलिनला म, ग, रे, सा असे एकेका मात्रेचे चार स्वर एका स्लरखाली, म्हणजे स्वर जोडून वाजवायला सांगणाऱ्या वक्र रेषेखाली, आहेत. त्यांतला म वेळेवर यायचा, ग मात्र मागे राहायचा, आणि तो मागे राहिला की पुढचे दोन्ही स्वरही मागेच. खाली चेलो अचूक मात्रेवर चालत असल्यामुळे व्हायोलिनवाला लय सोडून वाजवतो आहे असेच वाटे.

या एका दोषाने माझे चार महिने खाल्ले, म्हणून त्याचे कारण सविस्तर लिहितो. साध्या सॅम्पलमध्ये म वेगळा आणि ग वेगळा ध्वनिमुद्रित केलेला असतो. खऱ्या लेगाटोच्या, म्हणजे जोडून वाजवलेल्या स्वरांच्या, लायब्ररीत मवरून गवर जातानाचा क्षण, म्हणजे बोट बदलताना गज न थांबता तारेत जो बदल होतो तो, स्वतंत्रपणे मुद्रित केलेला असतो. प्रत्येक स्वरापासून वर बारा आणि खाली बारा अर्धस्वर धरले, तर व्हायोलिनच्या चाळीसहून अधिक स्वरांसाठी एकाच जोराची अशी हजाराच्या आसपास मुद्रणे होतात. लायब्ररी एवढी अवजड का असते, याचे उत्तर बऱ्याच अंशी यातच आहे. हे संक्रमण वाजायलाही वेळ लागतो, आणि नवा स्वर कानाला स्थिर वाटतो तो संक्रमण संपत आल्यावर. सॉफ्टवेअर मात्र मात्रेच्या ठोक्यावर ‘आता ग वाजव’ एवढाच संदेश पाठवते. सिनेमॅटिक स्टुडिओ स्ट्रिंग्ज या नावाजलेल्या लायब्ररीच्या निर्मात्यांनी हे आकडे उघड सांगितले आहेत: संथ लेगाटोला 333, मध्यम लेगाटोला 250 आणि जलद लेगाटोला 100 मिलिसेकंद. माझ्या लायब्ररीच्या माहितीपत्रकात असा एकही आकडा नाही. तो मी मेट्रोनोम लावून, ध्वनी मुद्रित करून, लहरींवर मोजून काढला आणि मध्यम लेगाटोसाठी तोही पाव सेकंदाच्या आसपासच निघाला. मिनिटाला 72 मात्रांच्या लयीत एक मात्रा 0.83 सेकंदाची होते, म्हणजे स्वर मात्रेच्या जवळजवळ एक तृतीयांश भागाने उशिरा येतो. लय 96 केली तर अर्ध्या मात्रेचा स्वर जेमतेम 0.31 सेकंदाचा उरतो आणि त्यातले पाव सेकंद संक्रमणातच जातात.

मी हे आकड्यांसह कंपनीला कळवले. उत्तर आले की ही लायब्ररी ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरसाठी बनवलेली आहे, तिथे संपूर्ण ट्रॅक पाव सेकंद आधी सरकवता येतो, नोटेशनमधील वापराची जबाबदारी आमच्याकडे नाही आणि एकदा उतरवून घेतलेल्या मालाचे पैसे परत मिळत नाहीत. विक्रीच्या पानावर यातले काहीच लिहिलेले नव्हते. तिथे ‘खरा लेगाटो’ हे शब्द ठळक होते आणि ते पाहूनच मी पैसे भरले होते.

जानेवारीपर्यंत माझे मत पक्के होते की लायब्ररी सदोष आहे आणि माझे पैसे बुडाले. त्याच महिन्यात नववीतल्या एका विद्यार्थिनीने त्याच चालीचा छापील कागद हातात धरून विचारले, “सर, एवढ्या लांब स्लरला एक गज पुरवायचा कसा?” मी हिशेब केला. चार-चार मात्रांच्या चार मापांवर मी एकच स्लर ओढला होता. त्या लयीत तो तेरा सेकंदांहून मोठा होत होता. गायक एका दमात जेवढे म्हणतो तेवढ्यावर स्लर द्यायची सवय मला चाली गळ्यावर बसवताना लागली होती. व्हायोलिनच्या कागदावर मात्र स्लर म्हणजे एक गज, दुसरे काही नाही, आणि सॉफ्टवेअर त्याचा अर्थ अगदी तसाच घेत होते: स्लरखालच्या प्रत्येक स्वराला संक्रमण, म्हणजे प्रत्येक स्वराला उशीर. कान सावरायला त्या चार मापांत एकही स्वर ठोक्यावर येत नव्हता.

त्या रात्री मी सगळे स्लर पुसले आणि व्हायोलिन हातात घेऊन, जिथे गज खरोखर फिरतो तिथे नव्याने घातले. बहुतेक ठिकाणी चार मात्रांना एक, जोर वाढतो तिथे दोन-दोन. नव्या स्लरच्या पहिल्या स्वराला संक्रमण लागत नाही, तो ताज्या गजाने आणि ठोक्यावर सुरू होतो. नववे माप पहिल्यांदा माणसाने वाजवल्यासारखे ऐकू आले, आणि खरे सांगतो, मी ते दहा-बारा वेळा ऐकले. डोरिकोत स्लर नसलेला स्वर मूळच्या मांडणीप्रमाणे लिहिलेल्या लांबीच्या 85 टक्केच वाजतो, त्यामुळे त्यानंतर फट राहते आणि लेगाटो लागत नाही. आधीचा स्वर अजून वाजत असताना पुढचा आला तरच संक्रमण सुरू होते. हे आधी ठाऊक असते तर जोडण्यासाठी म्हणून सरसकट स्लर ओढण्याऐवजी कुठे जोडायचे आणि कुठे सोडायचे, हे मी पहिल्या दिवसापासून ठरवले असते.

म्हणून आता माझे मत पूर्वीसारखे कडक राहिलेले नाही, पण दोष संपलाही नाही. पहिला स्वर वेळेवर आणि मधले उशिरा, त्यामुळे स्लरमधला शेवटचा स्वर तेवढाच आखूड होतो. यावर दोन उपाय माझ्या उपयोगी पडले. अर्ध्या मात्रेच्या स्वरांची व्हेलॉसिटी (स्वराच्या जोराचा आकडा) वाढवली की लायब्ररी जलद लेगाटो निवडते. आणि डोरिकोच्या ‘की एडिटर’ या खिडकीत छापील कागदाला धक्का न लावता स्वराची वाजण्याची सुरुवात आधी ओढता येते. नवव्या मापातले ग, रे आणि सा मी मात्रेच्या 0.3 इतके आधी ओढले आहेत. मात्र ही मोजणी सेकंदांत नसून मात्रेत असते. लय 96 केली की तोच उशीर 0.4 मात्रेचा होतो आणि सगळे पुन्हा ओढावे लागते. एका अभंगाला माझ्या दोन सकाळी जातात. सकाळीच, कारण एप्रिल-मेमध्ये परभणीतल्या दुपारी लॅपटॉप एवढा तापतो की लेगाटोचे चार भाग एकदम वाजवताना आवाज तुटतो.

पैसे मोजायच्या आधी विचार करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी सांगतो. डिसेंबर 2022 मध्ये आलेले म्यूझस्कोर 4 हे नोटेशनचे सॉफ्टवेअर आणि त्यासोबतचा म्यूझ साउंड्स हा ध्वनिसंच दोन्ही फुकट आहेत. त्यात स्लर दिला की व्हायोलिन बरेच जोडून वाजते आणि नुसत्या सरावाच्या ध्वनीला ते पुरते. दुसरे नोटपरफॉर्मर, म्हणजे नोटेशनच्या सॉफ्टवेअरमधले संगीत वाजवून दाखवणारा जोड-प्रोग्राम. ते पुढचे सुमारे एक सेकंदाचे संगीत आधीच वाचून घेते, म्हणून बटण दाबल्यावर आवाज सेकंदभर उशिरा सुरू होतो, पण पुढे कोणता स्वर येणार हे माहीत असल्यामुळे जोडणी वेळेवर होते. माझ्या मूळ तक्रारीवर हाच खरा इलाज आहे, आणि हे मला खरेदीनंतर कळले याची रुखरुख वाटते. 2023 मधल्या त्याच्या चौथ्या आवृत्तीपासून काही निवडक लायब्ऱ्याही त्याच्यामार्फत वाजवता येतात, पण त्यासाठी वेगळे पैसे पडतात आणि माझी लायब्ररी त्या यादीत नाही.

मींडेची अपेक्षा मात्र यातल्या कशाकडूनच ठेवू नये. लेगाटो म्हणजे फट न ठेवता स्वर जोडणे. भीमपलासात मवरून कोमल गवर उतरताना बोट तारेवरून घसरत, मधल्या जागा दाखवत येते. ते पाश्चात्त्य पद्धतीने वाजवून मुद्रित केलेल्या सॅम्पलमध्ये नाही. पोर्टामेंटोची, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची, सोय मी करून पाहिली, पण तिची घसरण ठरलेल्या लांबीची असते आणि चालीला हवी तिथे ती रेंगाळत नाही. त्यामुळे नवव्या मापावर मी ‘मींड’ एवढा शब्द छापतो. फोनवर पाठवलेल्या ध्वनीत तिथे म आणि ग साधे जोडून ऐकू येतात, आणि मींड मी रविवारी प्रत्येकाचे बोट तारेवर धरून दाखवतो.

कंपनीला मी पुन्हा लिहिले आहे. या वेळी पैसे मागितलेले नाहीत. संक्रमणाचे मिलिसेकंद विक्रीच्या पानावर छापा, एवढेच मागितले आहे.