ब्रेसेस निघाल्यावर ब्लीचिंग: दवाखान्यात एका बैठकीत, की घरी ट्रे लावून?

तारा निघतात, जीभ गुळगुळीत दातांवरून फिरते, आणि आरशासमोर उभं राहिलं की नजर सरळ रंगावर जाते. ब्रॅकेट (दातावर चिकटवलेला, तार धरणारा छोटा तुकडा) होतं तिथे एक छटा, भोवती दुसरी. लगेच ब्लीचिंग, म्हणजे रसायनाने दात उजळवणं, करून घ्यावंसं वाटणं साहजिक आहे. पण दवाखाना की घर हे नंतर ठरवा. आधी दातांवर नेमकं काय आहे ते डेंटिस्टकडून समजून घ्या.

पिवळसरपणा सगळीकडे सारखा असेल, तर ब्लीचिंगचा उपयोग होतो. ब्रॅकेट चिकटवलेलं रेझिन थोडं उरलं असेल, तर ते ब्लीचने उजळत नाही, पॉलिश करूनच काढावं लागतं. आणि खडूसारखे पांढरे ठिपके दिसत असतील, तर तो डाग नव्हेच. ब्रॅकेटभोवती साचलेल्या प्लाकमधले, म्हणजे चिकट थरातले, जीवाणू आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने इनॅमलमधली (दाताच्या बाहेरच्या कठीण थरातली) खनिजं झिरपून गेलेली असतात. अशा दातांवर ब्लीच केलं तर ठिपका पुसला जात नाही. बाजूचा दात उजळला की फरक कमी जाणवतो एवढंच, आणि सुरुवातीचे काही दिवस तर ठिपके उलट जास्तच उठून दिसू शकतात. म्हणून ठिपके असतील तर घाई नको. लाळ आणि फ्लोराइड यांना काही महिने काम करू द्या. तरी राहिलेच, तर रेझिन इन्फिल्ट्रेशनबद्दल विचारा. त्यात ठिपक्याच्या सूक्ष्म छिद्रांत पातळ रेझिन मुरवतात.

आता दोन मुख्य पर्याय.

दवाखान्यात साधारण २५ ते ४० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात. हिरड्या झाकून जेल लावतात, पंधरा-वीस मिनिटांनी पुसून पुन्हा लावतात आणि तासाभरात काम होतं. समारंभ तोंडावर असेल तर हाच मार्ग सोयीचा. पण खुर्चीवरून उठताना दिसणारा शुभ्रपणा पूर्ण खरा नसतो. तासभर तोंड उघडं राहून दात कोरडे पडतात, कोरडा दात जास्त पांढरा दिसतो, आणि पुढच्या काही दिवसांत रंग थोडा खाली येतो. काही ठिकाणी जेलवर निळा दिवा लावतात, पण त्याने अंतिम रंगात फारसा फरक पडत नाही. त्यासाठी वेगळे पैसे मोजू नका. गार पाण्याने कळ येण्याचा त्रासही इथे जास्त तीव्र असतो, बहुधा एक-दोन दिवस.

घरच्या पद्धतीत दातांचं माप घेऊन ट्रे बनवतात. त्यात बहुतेकदा १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड भरतात. त्यातून सुमारे ३.५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. रात्रभर ट्रे लावण्याची ही पद्धत १९८९ साली दंतशास्त्राच्या नियतकालिकात मांडली गेली आणि आजही वापरात आहे. दोन-चार आठवडे धीर धरावा लागतो, पण शेवटी रंग जवळपास तेवढाच उजळतो. कळ आली तर एक रात्र सोडता येते. ही मोकळीक मला फार मोलाची वाटते, म्हणून माझा कौल ट्रेलाच.

मात्र एक अडचण फक्त ब्रेसेसवाल्यांचीच असते: रिटेनर, म्हणजे दात जागेवर धरून ठेवणारं साधन. तारा निघाल्यावर दात जागेवरून हलायला बघतात, म्हणून सुरुवातीला तो बहुतेक वेळ लावायला सांगतात. रात्री रिटेनरच्या जागी ब्लीचिंगचा ट्रे बसवला, तर इतक्या दिवसांची मेहनत पणाला लागते. शिवाय तारा निघाल्या निघाल्या बनवलेला ट्रे दात किंचित सरकल्यावर नीट बसत नाही. त्यापेक्षा रिटेनर फक्त रात्रीवर आला की दिवसा तास-दोन तास ट्रे लावण्याबद्दल ऑर्थोडॉन्टिस्टला (तारा लावणाऱ्या डॉक्टरांना) विचारा. काहींच्या पारदर्शक रिटेनरमध्येच जेल भरता येतं, पण ते विचारल्याशिवाय करू नका. दवाखान्यातल्या ब्लीचिंगला ही अडचण येत नाही. हे त्याच्या बाजूचं सगळ्यात वजनदार कारण.

बाजारात मिळणाऱ्या, जेल लावलेल्या पट्ट्या थोडाफार रंग उजळवतात, पण त्या प्रत्येकाच्या दातांच्या मापाच्या नसतात आणि जेल हिरड्यांवर येतं. कोळशाची पावडर नकोच. ती इनॅमल घासते आणि दाताच्या आतला रंग तसाच राहतो.

गरोदर असाल किंवा वय अठराच्या आत असेल, तर ब्लीचिंग पुढे ढकलणंच बरं. पुढच्या दातात फिलिंग करायचं असेल, तर आधी ब्लीचिंग करा, मग निदान दोन आठवडे थांबा. तोवर रंग स्थिरावतो आणि फिलिंगही नीट चिकटतं. जुनं फिलिंग मात्र उजळत नाही. ते दिसण्यात खुपत असेल तर नव्या रंगाशी जुळवून बदलावं लागेल.