कॉमेट का टियागो, गावाकडं कोणती परवडते?

भाऊ, एमजीची कॉमेट अन् टाटाची टियागो ईव्ही, दोघीई बॅटरीवर चालनाऱ्या गाड्या, कागदावर पाह्यलं तं दोघीईत फरकच नाई. कॉमेटची बॅटरी 17.3 किलोवॅट-तासाची (म्हंजे 17.3 युनिट) अन् रेंज, म्हंजे एका चार्जवर चालनं, 230 किमी, टियागोची मोठी बॅटरी 24 ची अन् लाँचच्या वेळी रेंज सांगितली 315, भागाकार करून पाहा, दोघीई युनिटमागं 13 किमीच्या आसपास. पण तो आकडा टेस्टिंगचा हाय, मे महिन्यात 45 डिग्रीत एसी फुल करून हायवेनं पळवा मंग समजते.

खरा फरक चार्जिंगचा. कॉमेटले डीसी फास्ट चार्जिंग, म्हंजे चार्जिंग स्टेशनवरचं झटपट चार्जिंग, नाईच, 3.3 किलोवॅटच्या चार्जरवर 7 तास धरा. टियागो डीसीवर 10 ते 80 टक्के 57 मिनिटात. आता हिंगणघाटवरून नागपूरले जाऊन-येऊन दीडशे किमी, दवाखान्याच्या कामानं दोन चकरा मारा लागल्या तं कॉमेटवाला कुठं थांबन?

घरी मात्र दोघीईची गत सारखीच. आमच्या गोठ्याजवळच्या 15 अँपिअरच्या सॉकेटले लावली की रातभर निवांत, फक्त शेतातल्या मोटरी सुरू झाल्या का बल्ब पिवळा पडते अन् चार्जिंग मधातच बंद. सकाळी पाहाल तं 60 टक्के.

तालुक्यापुरतं फिरनं असन तं कॉमेट घ्या, गल्लीत वळते बी मस्त. मी टियागोच घेईन.